ग्रेटा गार्बो : न्यूयॉर्कमधील उत्तरायुष्य

स्वीडिश-अमेरिकन अभिनेत्री ग्रेटा गार्बो (१८ सप्टेंबर १९०५ – १५ एप्रिल १९९०) यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पडद्यावरून पाय काढला आणि उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग न्यूयॉर्कमध्ये घालवला. निवृत्तीची घोषणा त्यांनी कधी केलीच नाही. ‘टू-फेस्ड वुमन’ (१९४१) समीक्षकांनी धुऊन काढला, त्यातच महायुद्धामुळे त्यांच्या चित्रपटांना हमखास उत्पन्न देणारा युरोपचा बाजार बंद झाला. १९४९मध्ये पुनरागमनासाठी त्यांनी कॅमेरा-चाचणीही दिली, पण पैशांअभावी तो चित्रपट बारगळला.

१९५१मध्ये त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. १९५३मध्ये मॅनहॅटनच्या पूर्वेकडील ५२व्या रस्त्यावर, ‘कँपनिली’ इमारतीच्या पाचव्या मजल्यावर त्यांनी सात खोल्यांचे घर घेतले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. हा रस्ता पुढे ईस्ट रिव्हरपाशी संपतो, त्यामुळे तिथून आरपार जाणारी वाहतूक नाही. १९५४ सालासाठीचे मानद ऑस्कर घ्यायला त्या गेल्या नाहीत.

त्यांना ‘एकांतवासी’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो फारसा पटत नाही. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर गडद चष्मा अशा वेशात त्या जवळपास रोज मॅनहॅटनच्या रस्त्यांवर मैलोन्‌मैल पायी हिंडत. दुकानांच्या काचांतून डोकावत, जुन्या वस्तूंची दुकाने धुंडाळत. ‘हॅरिएट ब्राउन’ हे टोपणनाव वापरत. त्यांना ओळखणारे ओळखत आणि बहुतेक जण आपल्या वाटेने जात. छायाचित्रकार मात्र पिच्छा सोडत नसत. निवडक मित्रमंडळींत त्यांचे जाणेयेणे होते, उन्हाळा स्वित्झर्लंडमधील क्लोस्टर्सला जाई. त्यांनी नाकारली ती प्रसिद्धी. मुलाखती, आत्मचरित्र, चाहत्यांना सही, यांपैकी कशालाच त्या सहसा तयार नसत. आपल्याकडे सुचित्रा सेन यांना ‘भारताच्या गार्बो’ म्हणतात. पण १९७८नंतर सेन यांनी कोलकात्यात घराचे दार जितके घट्ट लावून घेतले, तितके गार्बोंनी कधीच लावले नव्हते.

घरात रन्वार, बोनार, याव्हलेन्स्की यांची चित्रे होती. १९८४मध्ये स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले. शेवटच्या काळात मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस घ्यावे लागे. न्यूयॉर्कच्याच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. मालमत्ता भाचीला मिळाली. कलासंग्रहाचा लिलाव सदबीज या लिलावसंस्थेने निधनाच्याच वर्षी, १९९०च्या नोव्हेंबरात केला. अस्थी मात्र १९९९मध्ये स्टॉकहोमच्या स्कुगस्शिर्कोगोर्डेन दफनभूमीत नेण्यात आल्या.