पिक्चर ट्यूबची काच: मॉनिटरच्या भंगारामागचा इतिहास

मागे ढेरी असलेला जुना मॉनिटर भंगारात गेला की त्याचा भाव तांब्यावर ठरतो. ट्यूबच्या मानेभोवतीचं तांब्याच्या तारांचं वेटोळं (योक), सर्किट बोर्ड, पत्रा, प्लास्टिकचं आवरण, एवढ्याला गिऱ्हाईक आहे. काचेला नाही, आणि वजनात मोठा वाटा तिचाच. मॉनिटरविषयीचे कायदे कसे घडले आणि कुठे कमी पडले, हे बघायचं तर या काचेचाच माग काढावा लागतो.

ट्यूबमध्ये हजारो व्होल्टच्या दाबानं धावणारे इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळले की थोडे क्ष-किरण निर्माण होतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसं घातलं जाई, वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त लेड ऑक्साइड. समोरच्या काचेत शिशाऐवजी बेरियम आणि स्ट्रॉन्शियम वापरत. मॉनिटर चालू असेतो हे शिसं बसणाऱ्याचं रक्षण करतं. ट्यूब हातोडीनं फोडली की त्याची धूळ फोडणाऱ्याच्या अंगावर येते.

धोकादायक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरचा बाझल करार 1989 चा. भारत त्यात 1992 मध्ये सामील झाला. तरी श्रीमंत देशांतले टाकाऊ संगणक आशियात येतच राहिले. 2002 मध्ये बाझल अ‍ॅक्शन नेटवर्क या स्वयंसेवी संस्थेनं चीनमधल्या ग्वेयू गावातली उघड्यावरची तोडफोड जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी युरोपीय संघानं दोन निर्देश काढले: एक कचरा परत घेण्याचा, दुसरा शिसं, पारा, कॅडमियमसारख्या सहा घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा. कॅलिफोर्नियानं 2005 पासून नव्या मॉनिटरवर, पडद्याच्या आकारानुसार, 6 ते 10 डॉलर शुल्क लावलं. पण युरोपच्या दुसऱ्या निर्देशात पिक्चर ट्यूबच्या काचेतल्या शिशाला सूट होती. त्याशिवाय ट्यूब बनलीच नसती, म्हणून ती समजण्यासारखी आहे. पुढे भारतीय नियमांतही ती आली.

तोवर काचेचा प्रश्न फारसा बोचत नव्हता, कारण जुनी काच वितळवून नवी ट्यूब बनायची. व्हिडिओकॉनच्या भरूचच्या कारखान्यात तर अमेरिकेतूनही ही काच येई. सपाट पडदे आले, ट्यूबचे कारखाने एकामागून एक बंद पडले आणि ही वाट बुजली. अमेरिकेत पुनर्वापराच्या नावानं पैसे घेतलेल्या काही व्यावसायिकांनी काचेनं भरलेली गोदामं तशीच टाकून दिली. ओहायोतल्या कोलंबसचं प्रकरण त्यातलंच. सपाट मॉनिटरही निर्धोक नव्हते. सुरुवातीच्या एलसीडीमध्ये पडद्यामागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असत. एलईडी आल्यावर त्या गेल्या.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2008 मध्ये ई-कचऱ्याबद्दल, म्हणजे टाकाऊ विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंबद्दल, मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वतंत्र नियम 2011 चे, अंमल 1 मे 2012 पासून. उत्पादकाची विस्तारित जबाबदारी त्यांनी पहिल्यांदा आणली, म्हणजे विकणाऱ्यानंच जुना माल परत गोळा करायचा. पण किती, हे सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या मते पहिली काही वर्षं त्यातच वाया गेली. आकडे आले 2016 च्या नियमांत, आणि 2018 मध्ये तेही सौम्य झाले: 2017-18 साठी तयार होणाऱ्या कचऱ्याच्या 10 टक्के, मग दरवर्षी चढत जाणारे.

कागदावर ट्यूब तोडण्याची पद्धत चोख आहे. धूळ ओढणाऱ्या हुडखाली पुढची आणि मागची काच कापून वेगळी करायची, आतली पडदा उजळवणारी फॉस्फरची पूड व्हॅक्यूमनं काढायची, निरुपयोगी शिशाची काच धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायची. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला अशी केंद्रं आहेत. या सगळ्याला पैसे पडतात, म्हणून अधिकृत केंद्राला भंगारवाल्याइतका भाव देणं परवडत नाही. माल स्वाभाविकपणे भंगारवाल्याकडे जातो.

सध्याचे नियम 2022 चे, 1 एप्रिल 2023 पासून लागू. वस्तूंची यादी 21 वरून 106 वर गेली. कंपनीनं आता नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडून पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. पुनर्वापराचं उद्दिष्ट 60 टक्क्यांपासून 2027-28 मध्ये 80 टक्क्यांवर जाणार आहे. पुनर्वापरकर्त्यांना किलोमागे किमान 22 रुपये मिळावेत अशी तरतूद सरकारनं 2024 मध्ये केली, तेव्हा काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ही प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या चारच धातूंवर तयार होतात. शिसं त्यांत नाही.