लाँग नॉन-कोडिंग आरएनए : कॅन्सर आणि इतर आजार

लाँग नॉन-कोडिंग आरएनए, थोडक्यात एलएनसी-आरएनए, म्हणजे पेशीतले असे आरएनए (डीएनएवरून उतरवलेल्या नकला) जे 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा, म्हणजे 200 अक्षरांपेक्षा, लांब असतात आणि ज्यांच्यावरून प्रोटीन बनत नाही. व्याख्या एवढीच. आणि ती कामावरून नाही, लांबीवरून केलेली आहे, म्हणजे माणसाचा धंदा न सांगता नुसती उंची सांगावी तसं. 200 हा आकडाही निसर्गाने दिलेला नाही, आरएनए शुद्ध करायच्या नेहमीच्या पद्धतींत त्याहून छोटे तुकडे गळून जायचे म्हणून तो सोयीचा पडला. 2023 मध्ये या विषयातल्या बऱ्याच संशोधकांनी एकत्र येऊन ही मर्यादा 500 करावी असं सुचवलं, पण जुन्या पेपरांत आणि पुस्तकांत 200 च दिसेल.

माणसाच्या डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रोटीनचे कोड ठेवतो, असे जीन साधारण 20,000. बाकीच्या डीएनएला 1972 मध्ये सुसुमु ओहनो यांनी वापरलेला ‘जंक’ हा शब्द चिकटला आणि कित्येक वर्षं तो माळ्यावरच्या अडगळीसारखा पडून राहिला, कोणी हात लावायला जायचं नाही. मग 2012 मध्ये एनकोड प्रकल्पाने (डीएनएचा कुठला भाग काय करतो ते शोधणारा मोठा प्रकल्प) दाखवलं की जीनोमचा, म्हणजे अख्ख्या डीएनएचा, सुमारे तीन चतुर्थांश भाग कुठल्या ना कुठल्या पेशीत आरएनएमध्ये उतरवला जातो. आता उतरवला जातो म्हणजे त्याचा उपयोग असतोच असं नाही, आणि या एका मुद्द्यावरून बरीच भांडणं झाली, अजून होतात. पण त्या ढिगाऱ्यातले काही आरएनए खरंच मोठं काम करतात हे एव्हाना पक्कं झालंय.

सगळ्यात साफ उदाहरण एक्सिस्टचं. बाईच्या पेशीत एक्स क्रोमोसोम दोन असतात आणि पुरुषाच्या एकच, मग डबल डोस होऊ नये म्हणून बाईच्या प्रत्येक पेशीत दोनातला एक एक्स बंद केला जातो. ही कल्पना मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडली. तो बंद कोण करतं ते 1991 मध्ये कळलं, एक्सिस्ट नावाचा सुमारे 17,000 न्यूक्लिओटाइडचा आरएनए, जो ज्या क्रोमोसोमवरून निघतो त्यालाच गोधडीसारखा गुंडाळून बसतो. फ्लुरोसंट रंग लावून मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर केंद्रकात एका बाजूला ढगासारखा एकच ठिपका दिसतो, तो एक्सिस्ट. प्रोटीन शून्य आणि अख्खा क्रोमोसोम गप्प.

तर मग हे आरएनए करतात काय? एक असं उत्तर नाही. कोणी प्रोटीनच्या मशिनरीला धरून डीएनएच्या ठरावीक जागी घेऊन जातं, कोणी प्रोटीनला अडकवून ठेवतं, कोणी शेजारच्या जीनचा आवाज कमी-जास्त करतं, आणि काही ठिकाणी तर आरएनएला काहीच काम नसतं, तो लिहिला जाण्याची क्रियाच शेजाऱ्यावर परिणाम करून जाते. हा शेवटचा प्रकार नीट लक्षात ठेवा, पुढे मॅलॅट-1 च्या भानगडीत तो लागणार आहे.

कॅन्सरमध्ये यांचं नाव गाजलं ते मुख्यतः हॉटेअरमुळे. 2007 मध्ये स्टॅनफर्डमध्ये जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांच्या गटाला हा सुमारे 2,200 न्यूक्लिओटाइडचा आरएनए सापडला. गंमत अशी की तो निघतो 12 व्या क्रोमोसोमवरून आणि त्यांच्या प्रयोगांत परिणाम दिसला 2 ऱ्या क्रोमोसोमवरच्या जीनवर. मग 2010 मध्ये त्याच गटाने दाखवलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या ज्या गाठींमध्ये हॉटेअर खूप असतो तिथे कॅन्सर पसरण्याची आणि पेशंट दगावण्याची शक्यता जास्त. तो पीआरसी-2 नावाच्या प्रोटीनच्या गटाला हाताशी धरून चुकीचे जीन बंद करतो असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. नंतर पीआरसी-2 शिवायही हॉटेअर जीन दाबू शकतो असे प्रयोग आले, उंदरातून हॉटेअर काढल्यावर काय होतं यावरही दोन गटांचं जमलं नाही. म्हणजे गाठीत तो वाढलेला असतो हे खरं, तो नेमकं काय करतो यावर अजून वाद.

इथे लॅबमध्ये हे मोजतात कसं ते सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा एक तुकडा आणि बाजूच्या बऱ्या भागाचा एक तुकडा घेतात, ट्रायझॉल नावाच्या रसायनात कुटून आरएनए काढतात (ग्लोव्हज न घालता हात लावला तर हातावरची एन्झाइम्सच तो खाऊन टाकतात), त्याचा सीडीएनए म्हणजे डीएनएतली नक्कल करतात आणि ती दर सायकलला दुप्पट करत जाणाऱ्या क्यूपीसीआर मशिनला लावतात. मशिन सांगतं की सिग्नल कितव्या सायकलला दिसला. समजा बऱ्या भागात 27 व्या सायकलला दिसला आणि गाठीत 24 व्या, तर दर सायकलला दुप्पट या हिशोबाने गाठीत तो आरएनए आठ पट जास्त. झालं, आलेख तयार, आणि चाळीस-पन्नास पेशंटांत असंच दिसलं की पेपरही तयार, अमुक एलएनसी-आरएनए कॅन्सर वाढवतो म्हणून. पण गाठीत पेशींची सरमिसळच वेगळी असते, वेगाने वाढणाऱ्या पेशीत शेकडो गोष्टी वाढलेल्या असतात, तेव्हा कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली इतकंच असू शकतं. या विषयात अशा पेपरांचा अक्षरशः पूर आलाय आणि माझं मत विचाराल तर त्यातले बरेच न वाचलेले बरे.

मॅलॅट-1 ची गोष्ट त्यासाठीच सविस्तर बघण्यासारखी आहे. 2003 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सुरुवातीच्या स्टेजचे पेशंट घेतले, पुढे ज्यांचा कॅन्सर पसरला त्यांच्या आणि ज्यांचा नाही पसरला त्यांच्या गाठींची तुलना केली, आणि पसरणाऱ्यांत हा आरएनए जास्त निघाला. नावच पडलं ‘मेटास्टॅसिस असोसिएटेड लंग अ‍ॅडिनोकार्सिनोमा ट्रान्सक्रिप्ट 1’. मेटास्टॅसिस म्हणजे कॅन्सरचं पसरणं, म्हणजे आरोप नावातच. हा आरएनए पेशीत प्रचंड प्रमाणात असतो, लांबी सुमारे 8,000 न्यूक्लिओटाइड, आणि शेपटीला तीन पदरी वेणीसारखी घडी असल्यामुळे लवकर सडत नाही. उंदीर आणि माणूस दोघांतही तो खूपसा सारखा, त्यामुळे सगळ्यांना वाटलं की हा नसला तर जीव जगायचा नाही. 2012 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी मॅलॅट-1 नसलेले उंदीर बनवले, आणि उंदीर ठणठणीत! पिल्लं पण होतात, सगळं नॉर्मल.

बरं, निरोगी उंदराचं सोडा, कॅन्सर झालेल्या उंदराचं काय? 2016 मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या डेव्हिड स्पेक्टर यांच्या गटाने ब्रेस्ट कॅन्सर होणाऱ्या उंदरांत मॅलॅट-1 कमी केला तर गाठी मंदावल्या आणि फुफ्फुसात पसरणं घटलं. नावाला साजेसा निकाल. पण 2018 मध्ये ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसनमधल्या गटाने तशाच ब्रेस्ट कॅन्सरच्या उंदरांत वेगळ्या पद्धतीने मॅलॅट-1 बंद केला तर कॅन्सर उलट जास्त पसरला, आणि मॅलॅट-1 परत दिल्यावर तो पसरणं आवरलं. त्यांच्या मते मॅलॅट-1 हा टीड नावाच्या, कॅन्सर पसरायला मदत करणाऱ्या प्रोटीनला धरून ठेवतो, म्हणजे तो चोर नव्हे, पोलीस.

एकाच आरएनएचे दोन उलटे निकाल कसे? त्याचं एक कारण पद्धतीत असू शकतं. डीएनएचा तुकडाच कापून काढला की आरएनए जातो, पण त्या तुकड्यात शेजारच्या जीनला चालू करणारी बटणं असली तर तीही जातात. दुसऱ्या पद्धतीत डीएनए तसाच ठेवून मध्ये एक थांबा टाकतात, लिहिणं तिथेच तुटतं, म्हणजे लिहिण्याच्या क्रियेचा शेजाऱ्यावर काही परिणाम असेल तर तोही जातो. तिसऱ्यात आरएनए पूर्ण लिहू देतात आणि मग अँटिसेन्स ऑलिगो म्हणजे त्याच्या उलट अक्षरांचा छोटा तुकडा सोडून त्याचा नाश करतात. तिन्हीकडे कागदावर ‘मॅलॅट-1 काढला’ असंच लिहिलेलं असतं पण पेशीत तीन वेगळ्या गोष्टी घडतात. आणखी एक फसवी गोष्ट: कॅन्सरच्या जीनोममध्ये मॅलॅट-1 मध्ये बरेच म्युटेशन म्हणजे अक्षरांतले बदल दिसतात, पण मोठ्या अभ्यासांचा कल असा की तो भाग सतत जोरात लिहिला जातो म्हणून तिथे म्युटेशन साचतात, कॅन्सर त्यांच्यामुळे होतो म्हणून नव्हे.

2017 मध्ये क्रिस्पर (डीएनएच्या हव्या त्या जागेवर नेम धरायचं तंत्र) वापरून 16,401 एलएनसी-आरएनएच्या जागा सात प्रकारच्या पेशींत एकेक करून बंद करून पाहिल्या गेल्या. पेशीच्या वाढीला लागणाऱ्या निघाल्या 499, आणि त्यातल्या 89 टक्के फक्त एकाच प्रकारच्या पेशीत महत्त्वाच्या. हा आकडा औषधवाल्यांना आवडतो, कारण जे फक्त गाठीलाच लागतं ते मारलं तर बाकी शरीराला त्रास कमी. मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमधला सॅमसन नावाचा एलएनसी-आरएनए असाच, निरोगी पेशींत जवळपास नसतोच.

पेशंटपर्यंत पोचलेली वस्तू मात्र औषध नाही, लघवीची टेस्ट आहे. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पीसीए-3 नावाचा आरएनए खूप वाढतो, हे 1999 मध्ये छापून आलं. नेहमीची पीएसए ही रक्ताची टेस्ट प्रोस्टेट नुसतं वयोमानाने वाढलं किंवा तिथे इन्फेक्शन झालं तरी वर जाते, मग बायोप्सी, बायोप्सीत काही नाही, तरी पीएसए वरच, मग परत सुया टोचायच्या का हा प्रश्न. अशा 50 च्या पुढच्या पुरुषांसाठी अमेरिकेच्या एफडीएने 2012 मध्ये पीसीए-3 च्या टेस्टला मान्यता दिली. डॉक्टर आधी गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबतात, म्हणजे तिथल्या थोड्या पेशी लघवीच्या मार्गात सुटतात, लगेच पहिल्या धारेची लघवी घ्यायची, आणि त्यात पीसीए-3 चा आरएनए किती आणि पीएसएचा आरएनए किती ते मोजायचं. पीएसएचा आरएनए कशाला, तर मुळात प्रोस्टेटच्या पेशी किती आल्यात ते कळायला. दोघांचा भागाकार गुणिले 1000 हा स्कोअर, आणि तो 25 च्या खाली असेल तर परत बायोप्सीत कॅन्सर निघण्याची शक्यता कमी धरतात. इथे पीसीए-3 गुन्हेगार आहे की नुसता साक्षीदार याने काही फरक पडत नाही, वाढलेला दिसला एवढं पुरतं. म्हणून निदानात हे आरएनए लवकर कामाला आले.

कॅन्सर सोडून बाकी आजारांत, हार्ट अ‍ॅटॅकचं उदाहरण आधी. 2007 मध्ये हजारो लोकांचे जीनोम ताडून पाहिल्यावर 9 व्या क्रोमोसोमवरची 9पी21 ही जागा हृदयविकाराच्या धोक्याशी जोडली गेली आणि तिथे बघतात तर प्रोटीनचा जीनच नाही, तिथून जातो अ‍ॅनरिल नावाचा एलएनसी-आरएनए. शेजारी ज्यांचं घर आहे ते सीडीकेएन2ए आणि 2बी हे कॅन्सरला लगाम घालणारे जीन. एक्सिस्ट पण परत येतो. ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारात दहातल्या नऊ पेशंट बायका असतात, आणि 2024 मध्ये चँग यांच्याच गटाने दाखवलं की एक्सिस्टभोवती गोळा होणाऱ्या प्रोटीनविरुद्ध शरीर अँटिबॉडी बनवतं. नर उंदरांत एक्सिस्ट चालू केला तर (क्रोमोसोम बंद पडणार नाही असं रूप वापरून) मुळात अशा आजाराकडे कल असलेल्या जातीत त्यांनाही ल्युपससारखा आजार जास्त झाला. उलट दिशेने, 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संशोधक जीन लॉरेन्स (हे नाव आहे) यांच्या गटाने डाउन सिंड्रोमच्या पेशींमधल्या जादा 21 व्या क्रोमोसोमवर एक्सिस्टचा जीन बसवला आणि तो क्रोमोसोम बंद पडला. पेशींत, माणसात नव्हे, तरी वाचताना अंगावर काटा येतो.

पण आरएनएच्याच जीनमधला दोष आणि त्यामुळेच आजार, अशी थेट उदाहरणं कमी. क्रोमोसोमची टोकं राखणाऱ्या टेलोमरेज या एन्झाइमचा आरएनए टर्क, 451 न्यूक्लिओटाइडचा, त्यात म्युटेशन झालं तर डिस्केराटोसिस कंजेनिटा होतो, बोन मॅरो निकामी होत जातो. 2024 मध्ये चेसर या एलएनसी-आरएनएचा तुकडा गेलेली तीन मुलं नोंदवली गेली, तिघांनाही मेंदूच्या वाढीचा गंभीर आजार. चेसर हा शेजारच्या सीएचडी-2 या जीनला आवरून धरतो, तो गेला की सीएचडी-2 फार होतं. आणि गंमत म्हणजे सीएचडी-2 कमी पडलं तरी आजारच, एपिलेप्सी.

आपल्याकडे या वाटेवर लोक लवकर होते. बनारस हिंदू विद्यापीठात सुभाष लखोटिया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी फळमाशीतल्या एचएसआर-ओमेगा या आरएनएवर अनेक दशकं काम केलं, एलएनसी-आरएनए हा शब्द रूढ व्हायच्या कितीतरी आधीपासून.

उपचारात सध्या सगळ्यात पुढे दिसतो तो अँजेलमन सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा जन्मजात आजार, कॅन्सर नाही. त्यात आईकडून आलेला यूबीई3ए जीन बिघडलेला असतो, वडिलांकडचा चांगला असतो पण मेंदूच्या पेशींत एक लांब उलटा आरएनए त्याला गप्प ठेवतो. 2015 मध्ये उंदरांत अँटिसेन्स ऑलिगोने तो उलटा आरएनए मारला तर वडिलांकडचा जीन जागा झाला, आणि आता मुलांच्या पाठीच्या मणक्यातून असे ऑलिगो देऊन ट्रायल्स चालू आहेत. कॅन्सरच्या गाठीत तेवढं सोपं नाही. शिरेतून दिलेला ऑलिगो बराचसा लिव्हर आणि किडनीत जाऊन बसतो, गाठीत पुरेसा पोचतच नाही, आणि एलएनसी-आरएनएवर नेम धरलेलं गाठीच्या कॅन्सरचं मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही.