काळा मोती आणि काळा केलेला मोती: लेदर ब्रेसलेट घेताना भोकात बघा

लेदरच्या दोरीत ओवलेला एकच काळा मोती, मागे सरकती गाठ, बस्स. असं ब्रेसलेट मला सोन्यात मढवलेल्या मोत्यापेक्षा जास्त आवडतं आणि मी ती हाताने बनवतेही, म्हणूनच दिसेल त्या काळ्या मोत्याला कुणी सरसकट 'ताहिती', म्हणजे मुळातच गडद रंगाचा खाऱ्या पाण्यातला मोती, म्हणालं की डोकं उठतं.

कल्चर्ड म्हणजे नकली नव्हे, हे बहुतेकांना माहीत असतं. शिंपल्यात कलम, म्हणजे मांसाचा बारीक तुकडा आणि कधी सोबत एक मणी, माणूस बसवतो, मोती शिंपलाच घडवतो. ताहिती कल्चर्डच आणि गोड्या पाण्यातला काळाही कल्चर्डच, दोन्ही खरे मोती. 

घोळ होतो तो रंगात. ताहितीचा गडदपणा त्या शिंपल्याचा स्वतःचा असतो. पिंक्टाडा मार्गारिटिफेरा नावाचा हा काळ्या ओठांचा शिंपला, त्याच्या आतली कडच काळपट असते आणि तोच रंग मोत्याच्या थरांत उतरतो. वाढवतात फ्रेंच पॉलिनेशियात, मुख्यतः तुआमोटू आणि गॅम्बिये बेटांकडच्या खाऱ्या पाण्यात, नाव मात्र ताहितीचं पडलंय. गोड्या पाण्यातले मोती बहुतेक चीनमधून येतात आणि ते निघतात पांढरे, पीच, फिकट जांभळे. त्यातला काळा म्हणून विकायला आलेला मोती रंगवलेलाच समजा, सिल्व्हर नायट्रेटने नाहीतर दुसऱ्या डायने.

आणि इथे लोक काय करतात, तर दातावर घासून बघतात! खरखरीत लागला की "ओरिजिनल ताहिती आहे हो". अहो, त्या टेस्टने काच-प्लास्टिक फार तर ओळखता येईल, रंगवलेला मोतीही खरखरीतच लागणार कारण तोही मोतीच आहे.

बघायचं ते भोकात. नेहमीच्या माळेतल्या मोत्याचं भोक जेमतेम 1 मिमी असतं, आत काही दिसत नाही, पण लेदरची दोरी जायला ते 2 मिमी किंवा जास्त मोठं करावं लागतं आणि हीच आपली सोय. मोती दोरीवर थोडा बाजूला सरकवा, मोबाईलचा टॉर्च मारा, भिंग असेल तर उत्तम. ताहितीत बाहेर गडद थर, मग कधी कधी बारीक तपकिरी रेघ आणि आत पांढरट मणी दिसतो, हा मणी गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या जाड कवचातून कापलेला असतो, त्याच्यावरच मोती चढतो. रंगवलेल्यात भोकाच्या कडेला रंग साचलेला असतो, पृष्ठभागावरच्या खळग्यांतही शाई बसल्यासारखी दिसते, आणि आत बहुतेक वेळा मणीच नसतो. आता गोड्या पाण्यातही मण्यावर मोती वाढवतात, त्यामुळे मणी दिसला म्हणून खूश होऊ नका, रंग कुठे साचलाय ते बघा.

मागे माझ्याकडे गाठ बदलायला एक ब्रेसलेट आलं, तीन मोती, तिन्ही अगदी एकाच छटेचे, निळसर काळे. तिथेच शंका आली. दोरी काढली तर भोकाभोवती गडद कडं, पेनाने गिरवल्यासारखं. ताहितीचे तीन मोती शेजारी ठेवा, एक हिरवट, एक वांगी रंगाचा, एक नुसता राखाडी निघेल, कोळशासारखा काळा तर क्वचितच. 

रंगवलेला मोती वाईट नसतो, मीही वापरते, पण तसं सांगून देते. लेदरसाठी मला विचाराल तर अंगावर कड्या असलेला ओबडधोबड ताहितीच घ्या, गुळगुळीत गोलपेक्षा तो स्वस्त पडतो आणि चामड्यावर शोभतो जास्त.

बाकी लेदर कुठलं, गोल दोरी की विणलेली, ही ज्याची त्याची आवड. फक्त चामड्याचा स्वतःचा रंग पक्का आहे ना ते आधी ओल्या पांढऱ्या कापडाने पुसून बघा, नाहीतर घामाने सुटलेला तो रंग भोकाच्या कडेला बसतो आणि अस्सल ताहितीही रंगवलेला वाटायला लागतो.