शपथेतले शब्द : ब्रिटिश संसदेतली धर्माची अट

ब्रिटनमध्ये मतदारांनी निवडून दिलेला माणूस धर्मामुळे अडायचा तो सभागृहात, शपथ घेताना. १६७८ च्या कायद्यानुसार प्रत्येक खासदाराला, भाकरी आणि द्राक्षरस यांचे ख्रिस्ताच्या देहा-रक्तात रूपांतर होते ही कॅथलिक श्रद्धा जाहीरपणे नाकारावी लागे. आयर्लंडमधल्या कॅथलिकांना १७९३ मध्ये मताधिकार मिळाला, तरी त्यांच्यातला कोणी खासदार होऊ शकत नव्हता.

आयर्लंडचे कॅथलिक नेते डॅनियल ओकॉनेल यांनी १८२८ मध्ये तिथल्या क्लेअरची पोटनिवडणूक जिंकली आणि आयर्लंड पेटेल या धास्तीने पंतप्रधान वेलिंग्टन यांच्या सरकारने पुढच्याच वर्षी कॅथलिकांवरची बंदी उठवली. मात्र त्याच वेळी आयर्लंडच्या काउंटी (जिल्हा) मतदारसंघांत मतदाराच्या मालमत्तेची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे पाचपट नेली. ज्या लहान शेतकऱ्यांच्या जोरावर ओकॉनेल जिंकले, त्यांचेच मत गेले. सवलतीची ही किंमत बऱ्याचदा सांगायची राहून जाते.

ज्यूंना नडले ते शपथेतले ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेला स्मरून’ एवढेच शब्द. लायोनेल डी रॉथशिल्ड १८४७ मध्ये निवडून आले. पण ज्यूंना सूट देणारे, कनिष्ठ सभागृह कॉमन्सने मंजूर केलेले विधेयक वरिष्ठ सभागृह लॉर्ड्स फेटाळत राहिले. १८५१ मध्ये डेव्हिड सॅलोमन्स ते शब्द गाळून सभागृहात बसले, त्यांनी मतदानही केले. दंड झाला ५०० पौंड! अखेर १८५८ मध्ये तोडगा निघाला तो चतुर होता : हे शब्द वगळायचे की नाही, ते प्रत्येक सभागृहाने आपापल्या ठरावाने ठरवावे. लॉर्ड्सना स्वतःचे दार न उघडता मान तुकवता आली.

दर वेळी सूट एकेका गटापुरतीच मिळाल्याने देव न मानणारा बाहेरच राहिला. नॉर्थॅम्प्टनचे चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी १८८० मध्ये शपथेऐवजी देवाचे नाव नसलेली प्रतिज्ञा करू देण्याची मागणी केली. न्यायालयात नास्तिकाची प्रतिज्ञा चालत होती, संसदेत मात्र नाकारली गेली. मग ते शपथ घ्यायला तयार झाले, तर नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय, असा आक्षेप निघाला. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८६ मध्ये सभापती पील यांनी हरकत घेऊच दिली नाही, तेव्हा ब्रॅडलॉंची शपथ झाली. १८८८ च्या कायद्याने प्रतिज्ञेचा पर्याय सर्वांना खुला केला.

राजपदाला ही मोकळीक नाही. १७०१ च्या कायद्यानुसार कॅथलिक व्यक्ती आजही गादीवर बसू शकत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने फक्त कॅथलिक जोडीदाराची आडकाठी काढली.