शेवेपासून सुरू झालेली शिकवणी

इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. माझ्या चौदा वर्षांच्या भाच्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनचीच एक अवस्था, जिच्यात शिकणं सावकाश होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कशाला त्रास देता पोराला? सांगितलेलं राहतच नाही त्याच्या डोक्यात." काकूंचं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहितोय.

ऐकलेले शब्द आपण काही सेकंद मनात घोळवत ठेवतो. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी या तात्पुरत्या स्मृतीचं प्रारूप मांडलं : ऐकलेल्यासाठी एक कप्पा, पाहिलेल्यासाठी दुसरा. डाउन सिंड्रोममध्ये पहिला कप्पा सहसा तोकडा असतो, दुसरा त्या मानाने बरा. "बशी घे, पोहे वाढ, जिरावन भुरभुर, शेव घाल" (जिरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) यातलं शेव येईपर्यंत बशी मनातून पुसली गेलेली असते. पोरगं जागेवरच उभं राहतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

बहिणीला विशेष शिक्षिकेने सांगितलं, बोलणं कमी करा, करून दाखवा, आणि शिकवा शेवटाकडून. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात. पहिले काही दिवस सगळं बहिणीने केलं, त्याने फक्त शेव घातली. ती जमल्यावर जिरावन आणि शेव. मग वाढण्यापासून पुढचं सगळं. सुरुवातीला तिचा हात त्याच्या हाताखाली, मग नुसता कोपराला, मग तोही नाही.

यातली खुबी अशी. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल बशी घेतं आणि थांबतं, पोहे तयार होतात ते दुसऱ्याच्या हातून. शेवटाकडून शिकवलं की प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं, आणि खायलाही लगेच मिळतं. शिवाय नवी पायरी संपते तिथे रोजची, हातात बसलेली पायरी उभी असते. अवघड भाग आधी उरकतो, पुढे सगळं ओळखीचं.

ताईत आणि बुद्धिवर्धक चूर्णं या घरातही येऊन गेली. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत पेशींमध्ये जन्माआधीपासून असते, हे १९५९ पासून ठाऊक आहे. चूर्णाने ती जात नाही. तो पैसा कानांच्या आणि थायरॉइडच्या तपासणीला लावावा. या मुलांमध्ये हे दोन्ही त्रास बरेच आढळतात, आणि त्यांवर उपचार आहेत.

मी निघालो त्या सकाळी पोहे त्यानेच वाढले. शेव जरा जास्तच पडली. बशी मात्र अजून आईच्या हातात होती, ती पुढच्या आठवड्यात.