टीएस-१ आणि टायटॅनियमचं एमसीएम-४१: सारखी दिसणारी दोन पांढरी भुकटी

प्रयोगशाळेत वॉचग्लासवर दोन्ही शेजारी ठेवा. दोन्ही पांढरीशुभ्र, दोन्हींत सिलिका, दोन्हींत थोडंसं टायटॅनियम, दोन्ही सच्छिद्र, आणि दोन्ही रेणूंवर ऑक्सिजन बसवण्याच्या कामाचे उत्प्रेरक. आमच्याकडची मुलं दोघांनाही सरसकट ‘टायटॅनियम सिलिकेट’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

टीएस-१ झिओलाइटच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या स्फटिकी सिलिकेटांच्या, घराण्यातलं. आपल्या मराठवाड्यात विहीर खणताना काळ्या फत्तराच्या पोकळीत गुलाबीसर स्टिल्बाइट सापडतं ना, त्याचंच हे नात्यातलं. स्टिल्बाइटचा तुकडा परीक्षानळीत तापवला की वरच्या गार भागावर पाण्याचे थेंब जमतात. ते पाणी स्फटिकातल्या बारीक वाटांमधूनच बाहेर येतं. टीएस-१ मात्र कारखान्यात घडवलेलं. त्याचं पेटंट १९८३ चं, इटलीतल्या कंपनीचं. त्याची छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची.

एमसीएम-४१ मोबिल कंपनीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये जगापुढे आणलं. साबणासारख्या रेणूंच्या कांड्या आधी जमतात, त्यांच्याभोवती सिलिका घट्ट होते, मग भट्टीत साबण जळून जातो आणि पोकळ नळ्या उरतात, २ ते १० नॅनोमीटरच्या. टायटॅनियम त्यात घातलं ते नंतर.

आता जालन्याची मोसंबी सोला. बोटांना लागणाऱ्या वासात मुख्य वाटा लिमोनीनचा. त्याच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवायचा तर हा अंगानं भरलेला रेणू टीएस-१ च्या दारातच अडखळतो. एमसीएम-४१ मध्ये तो आरामात शिरतो. फिनॉल किंवा सरळ साखळीचं हेक्झीन असे सडपातळ रेणू असतील, तर टीएस-१ ला तोड नाही.

म्हणून मोठी छिद्रं केव्हाही बरी, असं वाटेल. तसं नाही. खरा फरक भिंतीत आहे. टीएस-१ ची भिंत स्फटिकाची, पाण्याला दूर ठेवणारी. त्यामुळे ते ऑक्सिजन पुरवणाऱ्या ३० टक्क्यांच्या (बाकी पाणीच असलेल्या) हायड्रोजन पेरॉक्साइडबरोबर सुखानं काम करतं, आणि पेरॉक्साइडचं शेवटी नुसतं पाणी होतं. एमसीएम-४१ ची भिंत काचेसारखी विस्कळीत आणि पाणी ओढून घेणारी. पाणी टायटॅनियमला घेरतं, हळूहळू टायटॅनियम भिंतीतून सुटून द्रावणात उतरतं. म्हणून तिथे ऑक्सिजन पुरवायला बहुधा टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड वापरतात. त्यातून पाण्याऐवजी टर्ट-ब्युटेनॉल उरतं, ते वेगळं काढावं लागतं. हिरवेपणा, म्हणजे पर्यावरणाला न दुखावणं, तेवढा कमी झाला, हे मान्य करायला हवं.

तरीही ऑक्सिजन बसवण्याच्या जुन्या रसायनापेक्षा, डायक्रोमेटपेक्षा, दोन्ही कितीतरी बरी. त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असतं. उन्हाळ्यात जिथे गाव एका विहिरीवर तगतं, तिथे असलं सांडपाणी जमिनीत मुरणं मला सहनच होत नाही.

कुठलंही घ्या, एक चाचणी चुकवू नका. अभिक्रिया अर्ध्यावर आली की मिश्रण गरम असतानाच गाळायचं. थंड होऊ दिलं, तर सुटलेलं टायटॅनियम परत भुकटीवर बसू शकतं आणि आपण फसतो. गाळलेलं द्रावण त्याच तापमानाला ढवळत ठेवायचं आणि तासाभरानं पुन्हा तपासायचं. उत्पादन वाढत राहिलं, तर काम भुकटी करत नव्हती, विरघळलेलं टायटॅनियम करत होतं. आणि ती भुकटी पुढच्या खेपेला तितकंच काम देईल, असं धरून चालता येत नाही.