चुकलेला शब्द आणि चुकीचं नाव

एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम, त्याच्या कागदपत्रांत ‘रेफरर’ हे हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) दिसलं की चांगलं इंग्रजी येणाऱ्या कुणाचेही हात शिवशिवतात. मध्ये दोन ‘आर’ हवेत, तिथे एकच आहे. ही चूक मे १९९६ च्या आरएफसी १९४५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये तशीच छापली गेली आणि २०२२ च्या आरएफसी ९११० मध्येही ती कायम आहे. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांना हेच स्पेलिंग पाठवतात, त्यामुळे ते आता बदलता येत नाही. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरमध्ये मात्र दोन ‘आर’ आहेत. एकाच पानावर दोन्ही स्पेलिंगं दिसतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रकल्पांच्या, डॉक्युमेंटेशनमध्ये टायपो सुधारायला बसणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. चुकलेला शब्द माणसासाठी लिहिलेल्या वाक्यात असतो. तो सुधारला की वाचणाऱ्याचं फक्त भलंच होतं. चुकीचं नाव यंत्रही वाचतं. ते कमांडचं, फंक्शनचं किंवा सेटिंगचं नाव असतं, आणि डॉक्युमेंटेशनचं काम ते जसं आहे तसं सांगणं हे आहे. युनिक्समध्ये फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलच्या शेवटी ‘ई’ नाही. पुन्हा संधी मिळाली तर काय वेगळं कराल, असं विचारल्यावर युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन यांनी तो ‘ई’ घालेन असंच उत्तर दिलं होतं. डिस्क काढून घेण्याच्या ‘यूमाउंट’ या कमांडमध्ये ‘यू’नंतरचा ‘एन’ नाही, पण त्याच मॅन्युअलच्या वाक्यात क्रियापद म्हणून ‘अनमाउंट’ हा शब्द येतो तेव्हा तो ‘एन’ हवाच.

हे मी एका चुकीतून शिकलो. एका छोट्या प्रकल्पाच्या मदतपानावर ‘सेपरेटर’ या शब्दात ‘पी’नंतर ‘ए’ऐवजी ‘ई’ होता. मी तो बदलला, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवली, प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरने आभार मानून ती लगेच मर्ज केली, म्हणजे प्रकल्पात सामील करून घेतली. काही आठवड्यांनी एकाची तक्रार आली: सेटिंगमध्ये रकाने वेगळे करणारं चिन्ह म्हणून अर्धविराम दिला आहे, तरी सीएसव्ही फाइलीतली (रकान्यांची माहिती साध्या मजकुरात ठेवणारी फाइल) सगळी माहिती एकाच रकान्यात येते. त्याने ओळ मदतपानावरूनच उचलली होती. प्रोग्रॅमच्या आत मात्र ते नाव अजून ‘ई’चंच होतं, आणि अनोळखी नाव आलं तर प्रोग्रॅम काही न बोलता पुढे जात होता. त्या माणसाची एक संध्याकाळ माझ्या त्या एका अक्षरापायी गेली. शेवटी कोडमध्ये दोन्ही नावं चालतील अशी सोय झाली, पानावर बरोबर स्पेलिंग आलं आणि खाली जुन्या नावाची एक ओळ. नाव खरोखर सुधारायचं असेल तर वाट हीच आहे, आणि ती कोडमधून जाते.

ओळखायचं कसं? शब्द बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) किंवा कोडच्या ठशात असेल तर थांबावं. पण लिहिणारे दर वेळी अशी खूण करतातच असं नाही, म्हणून बदलण्याआधी सगळ्या रेपोवर, म्हणजे प्रकल्पाच्या फाइलींवर, ‘गिट ग्रेप’ ही शोधाची कमांड चालवून पाहावं. तेच स्पेलिंग कोडमध्ये सापडलं तर ते नाव असण्याची शक्यता दाट.

साधनांवर सगळं सोडू नये. स्पेलिंग तपासणारं ‘कोडस्पेल’ नेहमीच्या चुकांची यादी घेऊन फिरतं, त्यामुळे अनोळखी नावांवर ते उगाच अडखळत नाही. लिनक्स कर्नलमध्येही अशीच यादी आहे, प्रत्येक ओळीत चूक, दोन उभ्या रेघा आणि दुरुस्ती. पण पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘युनिटटेस्ट डॉट मॉक’ या कोडच्या चाचणीसाठीच्या साधनाचं पान उघडा. ‘असर्ट’ शब्दाची स्पेलिंग चुकलेली चार रूपं तिथे मुद्दाम दिली आहेत, कारण अशी नावं वापरली तर एरर येईल, हेच ते वाक्य सांगतं. ते वाक्य ‘सुधारलं’ तर त्यात अर्थच उरणार नाही. कलरमध्ये ‘यू’ घालायचा की नाही, हा प्रश्न चुकलेला शब्द आणि चुकीचं नाव या दोन्हींत बसत नाही. तिथे प्रकल्पाची प्रथा पाळावी.

साध्या वाक्यातल्या चुकीलाही एक किंमत असते, आणि मराठी भाषांतर करणाऱ्यांना ती चांगली माहीत आहे. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनात मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. त्यातलं एक अक्षर बदललं की फाइल अद्ययावत करताना जुन्या मराठी ओळीवर ‘फझी’ (तपासायला हवं) अशी खूण पडते, आणि कुणीतरी ती तपासेपर्यंत वापरणाऱ्याला तिथे इंग्रजी दिसतं. मराठी ओळीत तर काहीच चुकलेलं नसतं! म्हणून टायपो प्रकाशनाच्या तोंडावर पाठवू नयेत; स्ट्रिंग फ्रीझ, म्हणजे प्रकाशनाआधी मजकुरातले बदल थांबवण्याचा काळ, लागण्याआधी पाठवावेत. अर्थ बदललेला नसेल तर भाषांतरांच्या फाइलींतली खूणही त्याच वेळी काढता येते का, हे भाषांतराच्या गटाला विचारावं.

आणि वाक्यांतल्या दुरुस्त्या एका कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचात), नावांना हात लावणारा बदल दुसऱ्यात ठेवावा. पहिला कमिट मेंटेनर दोन मिनिटांत वाचून घेतो. दुसऱ्यावर चर्चा होते, कधी तो महिनाभर पडून राहतो, पण त्याच्यापायी पहिला अडकत नाही.